वादळ येणार हे पाच दिवस आधी कळतं, तरी गरीब माणूस घर का सोडत नाही?

खामल्याची_ताई
धागा काढायचं कारण आमचा फॅमिली ग्रुप. मावसभाऊ डॅलसला असतो, त्याने फ्लोरिडातल्या एका हरिकेनचा जुना व्हिडिओ टाकला, छपरावर बसलेली माणसं वगैरे, आणि खाली लिहिलं की चार-पाच दिवसांपासून टीव्हीवर बोंबलून सांगत होते तरी हे लोक हलत नाहीत, मग आमच्या टॅक्सच्या पैशाने हेलिकॉप्टर पाठवा. त्यावर सगळ्या काका-मामांचे अंगठे.

मी इथे नागपूरला मिहानमध्ये रात्रपाळी करते, अमेरिकेतल्या घरांच्या विम्याचे क्लेम तपासायचं काम आहे. तिकडे वादळाचा सीझन जून ते नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर आम्हाला रजा मागायची सोय नसते. तर क्लेमच्या फाईलमध्ये लोक पावत्या जोडतात, मोटेलच्या, जेवणाच्या, पेट्रोलच्या. एका बाईने जोडलेली पंपाची पावती माझ्या चांगली लक्षात आहे. अकरा डॉलरचं पेट्रोल, एक ब्रेड, डायपरचं सगळ्यात लहान पाकीट. टाकी फुल करायला पैसे नव्हते हे कोणी सांगायची गरजच नाही, पावतीच सांगते. आणि ही बाई त्यातल्या त्यात बरी म्हणायची, कारण तिच्याकडे पॉलिसी होती. सरकारने घर सोडायची सक्तीची ऑर्डर काढली असेल तर बऱ्याच पॉलिसीत बाहेर राहायचा खर्च मिळतो, तोही नंतर, आधी स्वतःच्या खिशातून. नुसतं "सोडलेलं बरं" असं सांगितलं असेल तर बहुतेक वेळा नाहीच. भाड्याने राहणारे, ज्यांनी विमा काढलेलाच नाही, त्यांची तर फाईलच माझ्यापर्यंत येत नाही.

हिशोब करून बघा. लुइझियाना, मिसिसिपी या दक्षिणेकडच्या राज्यांत आजही किमान मजुरी तासाला ७.२५ डॉलर आहे, २००९ पासून तेवढीच. आठ तासांचे झाले ५८, टॅक्स कापायच्या आधी. स्वस्तातलं मोटेल रात्रीचे ८०-१०० घेणार, वादळाच्या वेळी जास्तच. म्हणजे एक रात्र झोपायला दीड-दोन दिवसांची मजुरी, वर चार माणसांचं बाहेरचं खाणं, दोनतीनशे मैलांचं पेट्रोल, आणि दुकान बंद म्हणून त्या दिवसांचा पगार नाही तो वेगळाच. हे सगळं वादळ येईल की नाही याची खात्री नसताना.

मला भावाला काही उत्तर द्यायचं नाहीये, तो तसाच आहे. पण इथल्या लोकांना काय वाटतं ते ऐकायचंय.

तर्रीवाला_पोहा
ताई अमेरिकेतला गरीब म्हणजे आपल्याकडचा मिडलक्लास ना बाप्पा? गाडी तं तिथं प्रत्येकाकडे असतेच म्हणतात. गाडी काढायची न् निघायचं.

खामल्याची_ताई
@तर्रीवाला_पोहा नसते हो प्रत्येकाकडे.

झिरोमाईल_७८
कतरिना वादळाचंच घ्या. २९ ऑगस्ट २००५, लुइझियानातलं न्यू ऑर्लिन्स शहर. २००० च्या जनगणनेत त्या शहरात चारातल्या एकापेक्षा जास्त घरांत एकही गाडी नव्हती, आणि दारिद्र्यरेषेखालचे लोकही जवळपास तेवढेच, २८ टक्क्यांच्या घरात. बरं गाडी होती ते निघालेच. परिसरातले दहा लाखांच्या वर लोक बाहेर पडले, हायवेच्या दोन्ही बाजू बाहेर जाणाऱ्यांसाठी खुल्या केल्या होत्या, ती योजना चांगलीच चालली. पण ती योजना होती गाडीवाल्यांची. बिनगाडीच्यांसाठी सुपरडोम नावाचं स्टेडियम उघडलं आणि सांगितलं की खायचं-प्यायचं आपलं आपण घेऊन या. वीस हजारांच्या वर माणसं तिथे, छताचे पत्रे उडालेले, लाईट नाही, संडास तुंबलेले. शाळेच्या बसेस मात्र डेपोत ओळीने पाण्यात उभ्या, तो फोटो तेव्हा सगळीकडे छापला गेला. चालवायला ड्रायव्हरच नव्हते, तेही आपापल्या घरची माणसं घेऊन निघून गेलेले, त्यांना तरी काय बोलणार.

तारीख पण बघा. २९. महिनाअखेर. तिकडे सरकारी मदतीचे, पेन्शनचे चेक महिन्याच्या सुरुवातीला येतात, म्हणजे हातात पैसा सगळ्यात कमी असतो नेमका तेव्हा. आपल्याकडे २९ तारखेला किराणावाल्याच्या वहीत काय अवस्था असते ते ज्याचं त्याला माहीत.

आणि सक्तीची ऑर्डर निघाली २८ ला सकाळी, वादळ धडकायच्या आदल्या दिवशी. पाच दिवस वगैरे नुसतं टीव्हीवर सांगणं.

वऱ्हाडी_ठेचा
सगळं गरिबीच्या नावावर खपवू नका. हट्टी लोक असतात, मी पाहिलेत. आमच्या मोवाडकडे १९९१ ला वर्धा नदीने गाव धुऊन नेलं, ३० जुलै, दोनशेच्या वर माणसं गेली. आमचे आजोबा सांगायचे की पाणी चढताना दिसत होतं तरी काही लोक माडीवर जाऊन बसले, म्हणे दरवर्षी येतं न् उतरतं. श्रीमंत पण होते त्यात. माणसाला आपल्या घरावर फाजील विश्वास असतो बस.

झिरोमाईल_७८
@वऱ्हाडी_ठेचा ते आहेच. पण तो हट्ट येतो कुठून तेही बघा. न्यू ऑर्लिन्सला १९९८ मध्ये जॉर्जेस नावाचं वादळ येणार म्हणून लोक पळाले, ते वळलं दुसरीकडे. २००४ ला आयव्हन, परत पळाले, जवळच्या बॅटन रूज शहरापर्यंत दीड तासाचा रस्ता दहा तास, आणि आयव्हन पण वळलं. ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्यासाठी ती एक फुकट गेलेली सुट्टी. ज्याने भाड्याचे पैसे त्यात घातले तो पुढच्या वर्षी दहादा विचार करणार. मग २००५ ला कतरिना. तुमच्या आजोबांच्या गावचे म्हणाले "दरवर्षी येतं न् उतरतं" तेच.

धंतोली_रिटर्न
मी २००५ ला ह्यूस्टनला एमएस करत होतो, कतरिनानंतर तीनच आठवड्यांनी रिटा आलं त्याबद्दल सांगतो, कारण पळणं किती सोपं असतं ते मी आतून पाहिलंय. कतरिनाची दृश्यं ताजी होती त्यामुळे ज्यांना निघायला सांगितलं नव्हतं ते पण निघाले, वीस-पंचवीस लाखांच्या वर लोक एकाच वेळी रस्त्यावर. माझ्याकडे गाडी नव्हती, एका तेलुगू सीनियरच्या जुन्या कोरोलात मागच्या सीटवर आम्ही चौघं. पेट्रोल वाचावं म्हणून एसी बंद, बाहेर नागपूरच्या मे महिन्यासारखं तापलेलं, काचा खाली केल्या तर धूर. बाजूने माणसं चालत आमच्या पुढे जायची. पंपांवर पाट्या, पेट्रोल संपलं. डॅलसचा चार तासांचा रस्ता, लोकांना वीस-वीस तासांच्या वर लागले. एका वृद्धाश्रमाच्या बसला आग लागली डॅलसजवळ, २३ म्हातारी माणसं गेली. त्या अख्ख्या प्रकरणात वादळापेक्षा पळापळीतच जास्त लोक मेले, शंभरच्या आसपास.

म्हणून २०१७ ला हार्वी आलं तेव्हा ह्यूस्टनच्या महापौरांनी शहर खाली करायची ऑर्डर दिलीच नाही, रिटाचं उदाहरण देऊन. मग पूर आला न् त्यावरून शिव्या खाल्ल्या ते वेगळं.

पण मला सांगायचं होतं ते असं की मला सीट मिळाली ती ओळखीमुळे. आणि डॅलसला उतरायला त्या सीनियरच्या मित्राचं घर होतं, गालिचावर झोपलो, फुकट. विद्यार्थी म्हणून खिशात काही नव्हतं पण बाहेरगावी ओळखीचा माणूस होता. गरिबाचे सगळे नातेवाईक त्याच मोहल्ल्यात असतात. न्यू ऑर्लिन्सचा लोअर नाइन्थ वॉर्ड तसाच, आजी, मामा, आत्या सगळे दोन गल्ल्यांत, पिढ्यान्‌पिढ्या. तुमचं बुडणार तर त्यांचंही बुडणार, मग जायचं कोणाकडे?

तर्रीवाला_पोहा
हा पॉइंट जबरदस्त आहे भाऊ. माझं डोक्यातच नव्हतं आलं.

सदरचा_सम्राट
अमेरिकेचं अमेरिका पाहून घेईल, नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर. इथे कोणाला हरिकेन येणार आहे. त्यापेक्षा महालातलं चांगलं सावजी सुचवा.

खामल्याची_ताई
@सदरचा_सम्राट सावजीचा वेगळा धागा आहे, तिथे जा.

बँकेतले_काका
मी या विषयावर थोडं अधिकाराने बोलू शकतो कारण २०१३ साली माझी बदली ओडिशात बेरहामपूरला होती, गंजाम जिल्हा, आणि फायलिन चक्रीवादळ तिथेच गोपाळपूरला धडकलं, १२ ऑक्टोबरला, ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी. सरकारी नोकरांच्या पूजेच्या सुट्ट्या रद्द. दहा लाखांच्या आसपास लोक हलवले. १९९९ च्या महाचक्रीवादळात त्याच राज्यात दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली होती, फायलिनला पन्नासच्या आत. २०१९ ला फनी आलं तेव्हा बारा लाख हलवले.

तिथे फरक काय पडला ते मी पाहिलं. टीव्हीवर सांगून सोडून दिलं नाही. अंगणवाडीची बाई, आशा, सरपंच, गावातली पोरं, हे दारोदार जायचे, आणि ज्या घरात कोणी अंथरुणावर आहे ते घर त्यांना आधीच माहीत. शेल्टर म्हणजे खांबांवर उभी दुमजली इमारत, एरवी तिथे शाळा भरते, त्यामुळे रस्ता लहान पोराला पण पाठ. गाडी येते, भात-डालमा शिजलेला असतो, पैसे लागत नाहीत. दिवस भरत आलेल्या बायकांना आधीच दवाखान्यात नेतात, आता २०२४ ला दाना वादळाच्या वेळी तर हजारोंनी नेलं.

एवढं सगळं फुकट असूनही सांगतो, प्रत्येक घरातला एक माणूस मागे राहायला बघायचा. बहुतेक बाप किंवा थोरला पोरगा. गाय आहे, बकऱ्या आहेत, बोट आहे, पंप आहे, चोरी झाली तर. आमच्या शाखेचा एक मच्छीमार कर्जदार होता, त्याला पोलिसांनी अक्षरशः उचलून नेला. मी नंतर विचारलं तर म्हणाला, साहेब जाळ्याचं कर्ज तुमचंच आहे, जाळं गेलं तर तुम्ही सोडणार होते का? मी काय बोलणार, त्याच्या जाळ्याचा हप्ता मीच वसूल करत होतो.

वऱ्हाडी_ठेचा
काका, म्हणजे माझंच बरोबर ना? फुकट नेलं तरी जात नाहीत.

बँकेतले_काका
नाही हो ठेचाभाऊ. त्याला स्वतःच्या जिवाची काळजी नव्हती असं नाही. जीव वाचून परत आलो आणि जाळं नसेल तर पुढे काय, हा हिशोब तो करत होता. त्याला हट्ट म्हणायचा तर म्हणा.

नागनदीकाठची_पोर
सगळे अमेरिका ओडिशा बोलून राह्यले, मी इथलं सांगते. आम्ही नागनदीच्या काठचे, वस्तीचं नाव नाही सांगत. २३ सप्टेंबर २०२३. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला ते डागा लेआऊट, कॉर्पोरेशन कॉलनी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, मोरभवन बसस्टँडच्या बसा बुडाल्या ते पण पाहिलं. चार तासात शंभर मिलीमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे कॅमेरा नाई आला.

आमाले कोणी आधी सांगतलंच नव्हतं हे खरं, म्हणून हरिकेनसारखं म्हणता नाई येत. पण मी विचार केला का दोन दिवस आधी सांगतलं असतं तं आमी गेलो असतो काय? खरं सांगू, मले नाई वाटत.

बाबाची ई-रिक्षा, हप्त्यावर घेतलेली. बॅटरी पाण्यात गेली का रिक्षा भंगार. त्या रात्री बाबा पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून रिक्षा ढकलत रोडवर घेऊन गेला न् तिथंच बसून राह्यला सकाळपर्यंत. आई तीन घरची धुणीभांडी करते, न सांगता खाडा झाला का दुसरी बाई लागलेलीच असते, दोन दिवस आधी सांगतलं असतं तं आई म्हणाली असती तुम्ही जा मी कामावरून येते. आजीले दिसत नाई नीट, तिले सवयीचा रस्ता फक्त घर ते नळ. आमाले शाळेत नेलं ना त्या रात्री, शाळा दुसऱ्या माळ्यावर, आजीले खुर्चीवर बसवून चार पोरांनी उचलून नेलं. साऱ्यांमिळून एकच संडास चालू, दाराले कडी नाई. माझी लहान बहीण रात्रभर पाणी प्याली नाई का जावं लागन म्हणून. आता पुढच्या वेळी तिले म्हटलं चल शाळेत तं ती येईन काय?

अन् सगळ्यात मोठी गोष्ट कोणी लिहिलीच नाई अजून. पंचनामा. सरकारनं दहा हजार जाहीर केले घराले. आता पंचनाम्याले माणूस आला तेव्हा ज्याच्या घराले कुलूप त्याचं नाव राह्यलं. आमच्या बाजूचे मामाकडे गेले होते लेकरं घेऊन, शहाण्यासारखे, त्यांचं राह्यलं. जे चिखलात बसून होते त्यांचं लागलं. भाडेकरूचं तं काही विचारूच नका, कागद नाई, करारनामा नाई, एका घरमालकाच्या खात्यात पैसे आले न् त्यानं भाडेकरूले दाखवले पण नाई. म्हणजे घर सोडून जाणं हे आमच्या वस्तीत लोकं नुकसानीचं काम समजतात. तुमच्या डॅलसच्या भावाले सांगा.

तर्रीवाला_पोहा
😶

झिरोमाईल_७८
@नागनदीकाठची_पोर हे इथे लिहिलंस ते फार बरं केलंस. कुलूपवाली गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

खामल्याची_ताई
@नागनदीकाठची_पोर अगं तू लिहिलंस तेच तिकडेही आहे, कागदाचं. घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, वाटणीचे कागद कोणी केलेच नाहीत, सगळे तिथेच राहतात. अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या कुटुंबांत हे खूप आहे. कतरिनानंतर असे हजारो लोक अडकले की घर तुमचंच कशावरून. २०१७ ला पोर्टो रिकोमध्ये मारिया वादळानंतर परत तेच, फेमाने, म्हणजे त्यांच्या केंद्र सरकारच्या आपत्ती खात्याने, कितीतरी अर्ज मालकीचा कागद नाही म्हणून परत केले. शेवटी २०२१ मध्ये नियम सैल केला, आता इतर पुरावे पण चालतात. म्हणजे कतरिनानंतर सोळा वर्षांनी.

आणि ज्यांचे व्हिसाचे कागद नाहीत त्यांचं तर अजून वेगळं, ते शेल्टरच्या दारात पोलीस बघूनच मागे फिरतात.

धंतोली_रिटर्न
म्हाताऱ्यांचं एक राहिलंच. लुइझियानात कतरिनात जे गेले त्यातले निम्म्याच्या आसपास पंच्याहत्तरीच्या पुढचे होते. आजी हलू शकत नाही म्हणून अख्खं घर थांबतं हे तिथेही तसंच. कुत्र्या-मांजरांसाठी सुद्धा लोक थांबले, इतके की २००६ ला त्यासाठी कायदा करावा लागला की राज्यांच्या योजनेत पाळीव प्राण्यांची पण सोय पाहिजे. हसू नका, आपल्याकडे बकरी असते तिथे कुत्रा.

वऱ्हाडी_ठेचा
बरं मग उपाय काय? नुसतं रडून काय होते. तिकडे काही सुधारलं का नाही?

झिरोमाईल_७८
सुधारलं, काही प्रमाणात. २००८ ला गुस्ताव आलं तेव्हा न्यू ऑर्लिन्सने बिनगाडीच्यांना बसने, रेल्वेने बाहेर काढलं, हजारोंना, फुकट. नंतर शहरात १७ ठिकाणं कायमची ठरवली, तिथे स्टीलचे उंच पुतळे उभे केलेत, हात वर करून गाडी थांबवणाऱ्या माणसासारखे. ऑर्डर निघाली की तिथे जाऊन उभं राहायचं, बस येणार. कल्पना चांगली आहे, एरवी येता-जाता दिसतो पुतळा, त्यामुळे लक्षात राहतो.

पण या योजनेला ७२ तास लागतात. २०२१ ला आयडा आलं, तेही २९ ऑगस्टलाच, ते इतक्या झपाट्याने वाढलं की महापौरांनी सांगितलं आता सक्तीची ऑर्डर काढायला वेळच उरला नाही. ज्यांच्याकडे गाडी-पैसे होते ते गेले. बाकीचे घरात, आणि नंतर कित्येक दिवस लाईट नाही, त्या उकाड्यात. समुद्र गरम होत चाललाय तसं हे अचानक वाढणं जास्त होणार म्हणतात, म्हणजे ७२ तास मिळतीलच असं नाही.

बँकेतले_काका
एक प्रयोग मला फार पटला. २०२० च्या जुलैत बांगलादेशात, पुराचा अंदाज आल्यावर, पूर चढायच्या आधीच गरीब कुटुंबांच्या मोबाईलवर साडेचार हजार टाका (तिकडचं चलन) पाठवले, संयुक्त राष्ट्रांच्या मदतीतून. नंतर पंचनामा करून देण्यापेक्षा आधी. त्यात माणूस जनावर हलवतो, धान्य उंचावर नेतो, नाव भाड्याने घेतो. बँकवाला म्हणून सांगतो, तेवढीच रक्कम पुराच्या आधी दिली तर ती जास्त कामाला येते, नंतर दिली की निम्मी उधारी फेडण्यात जाते.

तर्रीवाला_पोहा
बिना पंचनाम्याचे पैसे? इथं? काका तुम्ही रिटायर झाले म्हणून असं सुचून राह्यलं तुमाले 😄

नागनदीकाठची_पोर
पैसे नका देऊ. एक टेम्पो पाठवा. माणसं न्यायले नाई, माणसं चालत पण जातील. सामान न्यायले. फ्रिज, शिलाई मशीन, सिलिंडर, पोरांची दप्तरं, अन् ई-रिक्षा उभी कराले एक उंच जागा. बाबाले रिक्षाची जागा दाखवली असती तं तो पहिले निघाला असता घरून.

झिरोमाईल_७८
हे वॉर्डात लेखी द्यायचं का? पावसाळ्याच्या आधी दिलं तर निदान इनवर्ड नंबर तरी मिळेल. मी मसुदा करतो, इथेच टाकतो, सगळ्यांनी बघा.

वऱ्हाडी_ठेचा
करा. मी सही करायला येतो. पण ते "नागरिकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात यावे" असलं पालुपद नका लिहू, त्याचं काही होत नाही. टेम्पो कोणत्या चौकात, कोणाच्या फोनवर, किती वाजता, तेवढंच लिहा.

नागनदीकाठची_पोर
अन् शाळेची चावी कोणाकडे राहते ते पण लिहा. त्या रात्री शिपाई हुडकेश्वरले राहत होता, तो येईपर्यंत आमी गेटवर भिजत उभे होतो. अन् संडासाची कडी.

झिरोमाईल_७८
लिहितो. रिक्षासाठी उंच जागा कुठली धरायची? पुलाच्या पलीकडचं ते मैदान चालेल का, का तिथेही पाणी भरतं?

नागनदीकाठची_पोर
भरते तिथं. बाबाले विचारून सांगते.